साडूंचं उतरलेलं वजन

माझे साडू रोह्याला कंपनीत होते आणि मी पेणला, रामवाडीत. दोघांची पोटं सारखीच सुटलेली, त्यामुळे आमचं छान जमायचं. मग साडूंनी कंपनीची बस सोडली. शिफ्टला चालत जाऊ लागले, भात एकदाच घेऊ लागले. वर्षभरात त्यांच्या पँटी ढिल्या झाल्या.

"ताईच्या यजमानांकडे बघा जरा," बायको मला सारखं ऐकवायची. मीही हायवेपर्यंत चालायला निघायचो, पण वाटेत वडापावची गाडी लागायची. खरं सांगतो, साडूंचं सपाट पोट बघून माझ्या पोटात दुखायचं.

एकदा त्यांच्याकडे जेवताना मी बायकोच्या या थोरल्या बहिणीला हळूच म्हणालो, "ताई, माणूस असा सुकतोय, आतून काही आजार तर नाय ना?"

ती घाबरलीच. "भावोजी, माझ्या पण मनात तेच येतं!" तिने लगेच साडूंच्या पानात पुन्हा भात वाढला, वर तूप ओतलं.

"अगो, भूक नाय मला."

"गप जेवा. गळ्याची हाडं दिसायला लागली."

तिचे भरलेले डोळे पाहून ते मुकाट्याने जेवले. पुढे तिने त्यांचं चालणंही बंद केलं. पोट परत आलं आणि मला बरं वाटलं.

आता साडूंना एक जिना चढवत नाही. तरी ताई नातेवाइकांना सांगते, भावोजींच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून हे वाचले. ताई, त्यांना कसलाही आजार नव्हता. ते माझ्यापेक्षा चांगले दिसत होते, एवढंच.