सासरला नव्हे, सांवेरला

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत मुलीच्या पाठवणीला एक गाणं म्हणतात. चार कडवी, सोपी चाल. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'निघालीस गं तू सासरला' अशी ओळ येते आणि तिथे बायका डोळे पुसतात. माझ्या पाठवणीला आईनं ते म्हटलं होतं. ते कुणी रचलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लग्नगीतं जमवायचं काम माझ्याकडे आलं. या गाण्याखाली मी 'पारंपरिक' असं लिहिलं आणि कागद तपासायला शेजारणीकडे दिले. तिचं माहेर परदेशीपुऱ्यातलं, मिल कामगारांच्या जुन्या वस्तीतलं. ती म्हणाली, "पारंपरिक कसलं? ज्यांनी बनवलं त्या आजी आमच्या गल्लीत राहतात की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. आजी ऐंशीच्या पुढच्या, ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. पूर्वी कापड मिलमध्ये सुताच्या लडी करायच्या. मी गाण्याचा विषय काढला तसं त्यांनी मान हलवली.

"लग्नाचं गाणं मी बनवलंच नाही, बेटा."

मग त्यांनी सांगितलं. मिलमध्ये त्यांच्या शेजारी एक मैत्रीण बसायची. चौदा वर्षं दोघींचा डबा एक. मिल बंद पडली, मैत्रिणीच्या नवऱ्यानं इंदूरजवळच्या सांवेरला भावाच्या शेतीवर जायचं ठरवलं. ती निघाली त्या सकाळी पोळ्या लाटताना आजींनी हे गाणं जुळवलं आणि बस सुटेपर्यंत तिला म्हणून दाखवलं. सोबत मिलमधल्या सात-आठ बायका होत्या. त्यांच्या तोंडून ते वस्तीत पसरलं.

"मग कुणाच्या तरी पोरीच्या लग्नात म्हटलं," आजी म्हणाल्या. "पोरगी काय सांवेरला थोडीच चालली होती? 'सासरला' करून टाकलं. गाण्यात 'मिलच्या दारी' होतं, ते 'मांडवाच्या दारी' झालं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. त्या लग्नातून मी न जेवता उठून आली. मग दोन-तीन वर्षांनी ती सांवेरहून भेटायला आली. बोलली, 'आमच्याकडे पण म्हणतात. तू तर मला सगळ्या गावासमोर परत सासरी पाठवून दिलं.' इतक्या हसलो आम्ही दोघी. राग गेला मग."

मैत्रीण सहा वर्षांपूर्वी वारली होती.

स्मरणिकेत नाव छापू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव नको. सांवेर लिहा."

मंडळाच्या अध्यक्षांना ते पटलं नाही. "मॅडमजी, लोक छपाईची चूक समजतील. पाठवणीत सांवेर कुठून आलं?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. माझी आई रडली होती ती 'सासर' या शब्दावरच, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. शेवटी रूढ गाणं जसंच्या तसं ठेवलं आणि खाली मूळ शब्द देऊन दोन ओळी टाकल्या: हे गाणं परदेशीपुऱ्यातल्या एका मिल कामगार बाईनं गावी निघालेल्या मैत्रिणीसाठी रचलं.

स्मरणिका द्यायला गेले तेव्हा आजींच्या नातीनं त्या ओळी अडखळत वाचल्या. तिची शाळा हिंदीची. आजींनी ऐकून घेतलं आणि आणखी एक प्रत मागितली.

"सांवेरला द्यायची आहे. येता का सोबत?"

रविवारी आम्ही बसनं गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. मैत्रिणीच्या सुनेनं आजींना ओळखलं, पाणी दिलं. स्मरणिका उघडून तिनं गाणं आणि खालच्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"सासूबाई सोयाबीन निंदताना हेच म्हणायच्या," ती म्हणाली. "पण 'सांवेरला' म्हणायच्या. आम्ही समजायचो, त्यांना शब्द नीट येत नाहीत. मी दोन-चारदा सुधारून पण दिलं."

"मग ती काय बोलायची?" आजींनी विचारलं.

"हसायच्या फक्त."

आजींनी मान डोलावली. सून चहा ठेवायला आत गेली.