सोनोग्राफीच्या खोलीतला रेडिओ

तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ फिरली की रेडिओ. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बायकांना सोनोग्राफीसाठी आत घ्यायचं, पलंगावर चढवायचं, पोटावरची जेली पुसून द्यायची, एवढंच तिचं काम. पण जीव मुठीत धरून पडलेल्या बाईशी ती अशी काही बोलत सुटायची, की बाई घाबरायचंच विसरायची. "बघ, पाठ करून बसलंय लबाड! आत्तापासून आईचं ऐकत नाही, पुढं काय दिवे लावणार!"

डॉक्टरीणबाईंची एक रीत होती. बाळात काही वावगं दिसलं, तर त्या बाईला एकटीला गाठून सांगत नसत. हात थांबवून म्हणत, "मावशी, नातेवाइकांना आत बोलवा." मग मावशी दार उघडून हाक मारायची, "कोण आहे हिच्याबरोबर?" बाकावरून कुणाचा तरी नवरा नाहीतर आई धडपडत उठायची. तेवढा वेळ रेडिओ बंद असायचा.

आणि एक दिवस तिची सूनच त्या पलंगावर आली. पाचवा महिना. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून दोघींच्या तोंडचं पाणी पळालेलं. मुलाला कामावरून सुटी मिळाली नाही, तेव्हा सासूच सोबत. सून अबोल. तुमचं दोघींचं जमतं कसं, असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "एक बोलते, एक ऐकते. भांडायला तिसरी कुठून आणू?"

त्या दिवशीही ती बोलतच होती. डॉक्टरीणबाई एकेक सांगत गेल्या, पाठीचा कणा छान, हृदयाचे कप्पे छान. मग चेहऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. सवयीनं त्या बोलून गेल्या, "मावशी, नातेवाइकांना आत बोलवा."

आणि सवयीनंच मावशीनं जाऊन दार उघडलं. "कोण आहे हिच्याबरोबर?"

कुणी उठेना. मावशी चिडली. "अहो, कानात बोळे घातलेत का? आत बोलावताहेत!"

बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, "मावशी, ती तर तुमचीच सून ना?"

मावशीनं दाराची चौकट घट्ट धरली. मग आत वळली.

डॉक्टरीणबाई ओशाळल्या होत्या. त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. "बाळाचा वरचा ओठ जुळलेला नाही. मधे फट आहे. बाकी आत्ता तरी सगळं नीट दिसतंय. जन्मल्यावर काही महिन्यांनी ओठ शिवतात."

"जगेल ना?" सुनेनं विचारलं.

"जगेल. ओठामुळे जिवाला धोका नाही."

मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. नुसती धार लागली डोळ्यांना. तेव्हा ती अबोल पोरगी पडल्यापडल्या म्हणाली, "आई, घरी सगळ्यांना मी सांगते. तुम्ही फक्त बोला काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

आधी कळलं, हे बरंच झालं. जन्माआधीच दोघी ओठ शिवणाऱ्या डॉक्टरांना भेटून आल्या, अशा ओठानं दूध ओढणं बाळाला जड जातं, म्हणून मऊ बोंडल्याची वेगळी बाटली आणून ठेवली. मुलगी झाली. दूध पाजता पाजता आजीची पाठ मोडून जायची, पण दुसऱ्या कुणाच्या हातात बाटली देईल तर शपथ! आणि पोर हसायला लागली, तेव्हा तर काय, ओठाच्या दोन्ही पाकळ्या अशा उघडायच्या की हसू थेट नाकाला जाऊन भिडायचं. शेजारीण "अरेरे" म्हणाली. मावशी कडाडली, "अरेरे काय? एवढं मोठं हसून दाखव बघू तू!"

पुढं ओठ शिवला. छान शिवला. पट्टी निघाली आणि पोर आजीकडे बघून हसली, चारचौघांच्या पोरांसारखं, छोटंसं, नेटकं. मुलगा टाळ्या पिटायला लागला. मावशी बाहेर येऊन भिंतीशी बसली आणि ढसाढसा रडली.

सून मागोमाग आली. "आई, झालं ना सगळं नीट?"

"झालं गं, दृष्ट लागण्यासारखं झालं. पण माझी ती हसायची ना, ती कुठं गेली?"

सून तिच्याजवळ जमिनीवरच बसली. "मी पण मघापासून तिलाच शोधतेय," ती म्हणाली.