मावशीची फुली आणि कोरडे खड्डे

माझी मावशी पाणीखात्यात गळती शोधते. रस्त्याखाली पाइप कुठं फुटलाय ते ओळखून ती खडूनं फुली मारते आणि तिथं मी माझ्या चार माणसांना खोदायला लावते. मी टोळीची मुकादम. ती चुकली की घाम आमचा गळतो, तेव्हा नात्याबित्याचं कौतुक मला सांगू नका.

तिचं हत्यार म्हणजे एक लोखंडी सळई. एक टोक जमिनीला, दुसरं जबड्याच्या हाडाला. यातून काय कळतं, असं मी एकदा विचारलं, तर तिनं मला टेबलापाशी नेलं. "त्या टोकाला टिचकी मार. इकडं माझ्या हाताला लागली बघ. टेबल सरकलं का? नाही. लाकडाचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. कण आपापल्या जागी थरथरतात, धक्का तेवढा पुढं जातो. त्यालाच तरंग म्हणायचं." भोकातून पाणी जोरात सुटलं की पाइप असाच थरथरतो आणि त्या थरथरीतली ऊर्जा सळईतून तिच्या हाडापर्यंत पोचते.

गेल्या महिन्यात मात्र ओळीनं तीन खड्डे कोरडे निघाले. टोळीतला एकजण पुटपुटला, "बाईंचे कान गेले." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याच्या हातून फावडं पडलं. पण साहेबांनीही तेच धरलं. "आणखी एक कोरडा खड्डा, की मावशी उद्यापासून ऑफिसात फाइली लावतील." वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या बाईला फाइली!

मावशी तडक निघाली. तिसऱ्या खड्ड्यात उतरली, पाइपवर पाना आपटला आणि हातभर पुढं तळवा ठेवला. मग शेजारच्या लोखंडी व्हॉल्व्हवर तसंच केलं.

"अगं बाई, मीच बावळट! इथले पाइप वर्षापूर्वी बदललेत. हा प्लास्टिकचा आहे. मऊ मेला, थरथर गिळून टाकतो."

"गिळतो म्हणजे? जाते कुठं?"

"जाणार कुठं? तो किंचित गरम होतो, हाताला कळणारही नाही इतका."

व्हॉल्व्ह पडला लोखंडाचा. त्याच्यापर्यंत जी काही थरथर पोचेल ती तो रस्त्यापर्यंत चोख आणून द्यायचा. म्हणून आवाज तिथंच मोठा, आणि मावशी जुन्या सवयीनं तिथंच फुली मारायची. पाइप फुटलेला भलतीकडंच!

चौथ्या वेळी तिनं व्हॉल्व्हकडं ढुंकून पाहिलं नाही. दर दोन हातांवर आम्ही पहारीनं भोक पाडायचं, तिनं सळई थेट पाइपला टेकवायची. थरथर वाढत गेली, मग कमी झाली. ती मागं आली आणि व्हॉल्व्हपासून तब्बल नऊ हातांवर फुली मारली. साहेब येऊन उभे होते. मावशी लांब जाऊन आमच्याकडं पाठ करून थांबली. तिला बघवत नसणार.

दीड हातावर माती ओली लागली आणि मग पाणीच उसळलं. "लागलं!" चौघं एकदम ओरडले. समोरच्या घरातून बाई खिडकीत आली.

मावशी हललीसुद्धा नाही.

मी जाऊन खांद्याला हात लावला तशी ती दचकली. "लागलं का गं?"

चौघांची आरोळी तिला ऐकूच गेली नव्हती. "मावशी, कधीपासून?"

ती माझ्या ओठांकडं बघत होती. "दोन वर्षं झाली. हवेतून येतं ते कानातच अडतं. हाडातून येतं ते नीट पोचतं. साहेबांना सांगू नकोस."

तेवढ्यात साहेब आलेच. "म्हणजे कान शाबूत आहेत म्हणायचे."

"फुली बरोबर निघाली ना, साहेब?" मी मध्येच तोंड घातलं. "मग कान काय मोजताय, पाइप जोडायला माणूस बोलवा!"

साहेब हसत फोन करायला गेले.

घरी जाताना मला रडूच फुटलं. दोन वर्षं एका ताटात जेवतो आणि मला पत्ता नाही. "मला कसं कळलं नाही गं?" मी ओरडले.

मावशीनं माझे डोळे पुसले. "तू कधी हळू बोलतेस का?"