विषय: कुलूप तोडणेबाबत

हिवरखेडला मी एका कुलपासमोर उभा होतो. त्याची किल्ली अमरावतीत होती. अमरावतीत म्हणजे माझ्याच ऑफिसात, आणि ऑफिसात म्हणजे माझ्याच खुर्चीत. ती ज्यांच्या खिशात होती ते वासुदेवभाऊ तिथं बसून माझी वाट पाहत होते. मी त्यांच्या दारात त्यांची वाट पाहत होतो. कुलपाच्या आत एक बटण होतं आणि ते दाबायला मी तीन तास गाडी हाणत आलो होतो.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण यात कोणीही नियम मोडलेला नव्हता.

मी रेफ्रिजरेशनचा सर्व्हिस इंजिनिअर. सत्तावीस वर्षं हेच करतोय. आधी दुधाचे चिलर, मग कोल्ड स्टोरेज, आणि अलीकडं केळी पिकवायच्या खोल्या, ज्याला आम्ही रायपनिंग चेंबर म्हणतो. कच्ची केळी बंद खोलीत ठेवायची, पिकायला लागण्यापुरता गॅस द्यायचा आणि मग चार-पाच दिवस खोली मापात थंड ठेवायची. लोकांना वाटतं थंड कशाला, केळी तर पिकवायचीत. तर त्याचं कारण असं, की केळं पिकायला लागलं की स्वतःच गरम होतं. तीनशे क्रेट एका खोलीत असले तर ती खोली म्हणजे चूलच. मशीन बंद पडलं की केळं पिकत नाही, शिजतं. वरून हिरवं दिसतं आणि आत लगदा होतो. तसलं केळं कोणी घेत नाही.

आमच्या कंपनीनं त्या वर्षी नवा नियम काढला. कस्टमरनं तक्रार फक्त मेलनं करायची आणि इंजिनिअरनं उत्तर फक्त मेलनं द्यायचं. फोनवर बोललेल्याचं रेकॉर्ड राहत नाही, असं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकलं. कस्टमरशी तीस सेकंदांच्या वर बोललं की त्या कॉलपुढं लाल खूण पडायची. तीन लाल खुणा झाल्या की बदली. माझ्या दोन झाल्या होत्या.

हा नियम मला पुण्याच्या आमच्या सर्व्हिस हेडनं, टिळेकर सरांनी कळवला. फोन करून.

"मेल पाहिला का?" ते म्हणाले.

"कुठला सर?"

"फोन बंद करण्याबद्दलचा."

"नाही सर, साइटवर होतो."

"म्हणूनच फोन केला. मेल कोणी वाचतच नाही."

मग त्यांनी वीस मिनिटं मला तो मेल वाचून दाखवला. त्यांना लाल खूण पडत नसे.

आता वऱ्हाडात तीस सेकंदांत फोन आटपणं म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळणं कठीण आहे. आमच्याकडं माणूस फोन लावतो तो आधी ख्यालीखुशालीसाठी. काम शेवटी, आणि वाईट बातमी असेल तर त्याच्याही शेवटी. एकदम अडचण सांगणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर जाणं, असं इथं मानतात. वासुदेवभाऊ ताथोड तर या बाबतीत फार पक्के. हिवरखेडचे जुने केळीवाले. आजवर कच्चा माल व्यापाऱ्याला द्यायचे, त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं चेंबर बांधलं. नवरात्राच्या उपासाचा माल धरून तीनशे क्रेट आत लावले. गावातल्या चार लोकांनी हसून घेतलं होतं की हे आता केळी एसीत झोपवणार. त्यामुळं ही पहिली खेप नीट निघणं त्यांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, फार मोलाचं होतं.

सोमवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला.

"साहेब, नमस्कार. जेवन झालं काय?"

"व्हायचंय भाऊ. काम बोला."

"काम त होतच राह्यते. तुमच्या घरी वहिनीच्या गुडघ्याचं कसं हाय आता?"

माझी नजर सेकंदांवर. अठरा.

"बरं आहे. तुमचं सांगा लवकर."

"आमचं काय, सोयाबीन काढून राहिलो. काल सांजीपर्यंत थ्रेशर चाललं. लय भुसकट उडते राजेहो." चोवीस. "थे मशीनचं म्हनत होतो, सकाळपासून बंद पडून..."

"भाऊ, मेल करा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. एकोणतीस सेकंदांत. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

आणि आणखी एक कबूल करतो. त्या एकोणतीस सेकंदांत मला सगळा रोग कळला होता. मशीनच्या बाहेरच्या अंगाला एक जाळी असते, कंडेन्सर. खोलीतली उष्णता ती बाहेर फेकते. थ्रेशरचं भुसकट तिच्यात बसलं की हवा खेळत नाही, आतलं प्रेशर वाढतं आणि एक छोटा स्विच मशीन बंद करून टाकतो. मशीन बिघडलेलं नसतं, जीव वाचवून बसलेलं असतं. जाळी पाण्यानं धुवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि त्या स्विचचं बटण दाबायचं. घरच्या फवारणीच्या पंपानं होणारं काम. दोन मिनिटांत फोनवर सांगता आलं असतं. पण मी मेलची वाट पाहायला लागलो.

मेल दुपारी तीनला आला. भाऊंनी गावातल्या ऑनलाइन कामं करून देणाऱ्या दुकानात जाऊन तो लिहून घेतला होता. त्या दुकानदाराला एकच प्रकारचं लिहिता येत होतं, अर्ज. सुरुवातीला 'प्रति, मा. इंजिनिअर साहेब', मग विषय, मग संदर्भ, मग 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की मी मौजे हिवरखेड येथील कायमचा रहिवासी असून'. भाऊंचं वय होतं, गट नंबर होता, एकूण जमीन होती. सोबत सातबारा, आधार कार्ड आणि पासपोर्ट साइजचा फोटो जोडला होता. मशीनला काय झालं तेवढं नव्हतं. 'मशीनबाबत आपणांस सर्व माहिती आहेच' एवढं होतं.

नियमाप्रमाणं मी ठरलेलं उत्तर पाठवलं. ते इंग्रजीत असतं. मॉडेल नंबर, फॉल्ट कोड आणि मशीनचा फोटो पाठवा. ते उत्तर दुकानदाराच्या मेलवर गेलं, कारण भाऊंना स्वतःचा मेल नव्हता. दुकानदार शटर ओढून गरब्याच्या मंडपाच्या कामाला निघून गेला होता. संध्याकाळपर्यंत भाऊंचे अकरा मिस्ड कॉल आले. मी एकही घेतला नाही. अठरा तास कस्टमरचं उत्तर आलं नाही की आमची सिस्टिम आपोआप इंजिनिअरची व्हिजिट लावते. तशी मंगळवारची व्हिजिट लागली आणि कस्टमरला मेलनं कळवण्यात आलं.

मंगळवारी सकाळी मी अमरावतीहून निघालो. त्याच सकाळी भाऊ हिवरखेडहून एसटीनं अमरावतीला निघाले होते. दर्यापूरच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असणार.

ते का निघाले, तर पोच घ्यायला. त्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की अर्ज दिला म्हणजे पोच लागतेच. भाऊंना ते पटलं. पूर्वी कधी तरी एका ऑफिसात त्यांनी अर्ज दिला होता, पोच घेतली नव्हती आणि तो अर्ज कोणाला सापडला नाही. त्यामुळं ते मेलची प्रिंट घेऊन, तिच्यावर सही-शिक्का घ्यायला स्वतः निघाले. सोबत नेहमीप्रमाणं बंडीच्या खिशात घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्यांचा जुडगा.

मी पोचलो तेव्हा वहिनी चेंबरपाशी होत्या. दार उघडून त्यापुढं त्यांनी घरचा कूलर लावून ठेवला होता. रात्रभर त्या त्यात पाणी घालत होत्या.

"भाऊ कुठं आहेत?" मी विचारलं.

"तुमच्याच इथी गेले ना. तुमी इथी कसे?"

मशीन मागच्या भिंतीला होतं. तांब्याच्या नळ्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याला जाड तारेचा पिंजरा आणि पिंजऱ्याला हे एवढं कुलूप. बाहेरून दिसत होतं, जाळीवर भुसकटाचा पिवळा थर बसला होता, बोटभर.

"दुसरी किल्ली असेल ना वहिनी?"

"हाय. कपाटात."

"मग द्या."

"कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात हाय."

वहिनींनी भाऊंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मला बोलायची बंदी. म्हणून मी वहिनींना सांगायचो आणि वहिनी फोनला सांगायच्या. फोनपासून दोन हातांच्या अंतरावर उभा राहून मी फोनवर बोलत नव्हतो.

"अहो, साहेब इथी आले हायेत. किल्ली कुठी हाय?"

"माह्याजोळ. साहेबांले इचार, शिक्का कुठी हाय? मॅडम म्हनते साहेबांच्या ड्रॉवरमधी हाय."

मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या को-ऑर्डिनेटर, वानखडे मॅडम. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्येच होता. ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात होती.

"भाऊंना म्हणा कुलूप तोडावं लागेल," मी वहिनींना म्हणालो.

"तोडा म्हना!" भाऊ तिकडून ओरडले.

आता पुढचं वाक्य मी बोललो याची मला आजही लाज वाटते. कस्टमरच्या वस्तूची मोडतोड करायची तर लेखी परवानगी लागते, असा आमचा नियम आहे. मी म्हणालो, "भाऊंना सांगा, तसा एक मेल करायला."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. फोनमध्ये मात्र लगबग उडाली. वानखडे मॅडम कॉम्प्युटरवर बसल्या आणि भाऊ आपल्या खणखणीत आवाजात सांगायला लागले, कारण अर्ज कसा असतो ते आता त्यांना कळलं होतं.

"लिवा मॅडम. प्रति, माननीय इंजिनिअर साहेब. विषय, कुलूप तोडणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून..."

वहिनी फोन माझ्या हातात देऊन घरात गेल्या.

"...मी मौजे हिवरखेड येथील कायमचा रहिवासी असून..."

त्या सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बाहेर आल्या. पिंजऱ्याच्या कडीत घातली, एक पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग टाकलं. पहिल्या झटक्यात कडी वाकली, दुसऱ्यात कुलपासकट खाली आली.

"झाला काय अर्ज लिवून?" त्या फोनकडं तोंड करून म्हणाल्या. "कुलूप तुटलं. आता त्यात लिवा, कोनं तोडलं थे."

मी फवारणीचा पंप मागितला. जाळी धुतली. भुसकटाचा चिखल वाहून माझ्या बुटांत गेला. दहा मिनिटं थांबलो आणि बटण दाबलं. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं, त्याला काही झालेलंच नव्हतं.

वहिनी इतका वेळ बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

"एवढंच होतं?"

"हो."

"पानी मारा अन् बटन दाबा, एवढंच?"

"हो वहिनी."

"मंग हे सोमवारी फोनवर कावून नाई सांगतलं? अकरा डाव फोन केला ना आमी."

मी आत जाऊन क्रेट पाहायला लागलो. केळ्यात खुपसायचा थर्मामीटर असतो, तो एकेका क्रेटमध्ये लावत गेलो. दाराकडचा माल कूलरनं वाचवला होता. मागच्या भिंतीकडचे वरचे थर गेले होते. वहिनींनी एक हिरवं केळं अंगठ्यानं दाबलं. साल फाटून लगदा बाहेर आला. त्या पदराला बोट पुसत तिथंच एका उपड्या क्रेटवर बसल्या. साठ क्रेट गेले. राहिलेला माल मशीननं शुक्रवारपर्यंत सावरला आणि नवरात्रातच विकला गेला. पण पहिल्या खेपेतले साठ क्रेट उकिरड्यावर जाताना गावानं पाहिले, ते पाहिलेच.

भाऊंचा मेल कुलूप तुटल्यावर चाळीस मिनिटांनी आला. आधार कार्ड जोडलेलं होतं.

महिनाभरानं पुण्यात ट्रेनिंग झालं. त्यात आमची ही केस स्लाइडवर होती. तक्रार लेखी, व्हिजिटची सूचना लेखी, कुलूप तोडायची परवानगीसुद्धा लेखी, आणि कस्टमरशी इंजिनिअरचं फोनवर बोलणं एकूण एकोणतीस सेकंद. सगळ्यांनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या. टिळेकर सर म्हणाले, "याला म्हणतात डिसिप्लिन." साठ क्रेटचा स्लाइडवर उल्लेख नव्हता. त्याबद्दल कोणीच मेल केला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर मी हात वर केला आणि साठ क्रेटचं सांगितलं. टिळेकर सर म्हणाले, "इंटरेस्टिंग. मला मेल कर."

मी केला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फोन उचलायला लागलो आणि तिसरी लाल खूण आठवडाभरातच पडली. शिक्षा म्हणून बदली झाली, अकोल्याला. हिवरखेड तिथून निम्म्या अंतरावर आहे, हे कोणी नकाशात पाहिलं नसावं.

सत्तावीस वर्षांत शिकलो त्यातलं एक एवढंच. मेल चांगलाच असतो, मी रोज करतो. पण ज्याचा माल तापतोय त्याचं आधी ऐकून घ्यावं आणि जे येतं ते लगेच सांगून टाकावं. कागद दुसऱ्या दिवशीही लिहिता येतो. शिजलेलं केळं दुसऱ्या दिवशी कच्चं होत नाही.