घरी वाढणारं बीपी

अबोला धरण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नव्हतं. वडील ओरडायचे, काका ताट ढकलून उठायचे. मी गप्प बसायचो, आणि त्याला सगळे शांत स्वभाव म्हणायचे. लग्न ठरवताना बायकोच्या माहेरी हाच गुण कौतुकाने सांगितला गेला होता.

मुलगी घरात होती तोवर अबोल्याचा कारभार तिच्यामार्फत चाले. “आईला सांग, डबा नको.” “बाबांना सांग, नका नेऊ.” मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं हातभर अंतरावर उभे असायचो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि निरोप पोचवणारं कोणी उरलं नाही. मग आवाजावर काम भागू लागलं. कप ओट्यावर जोरात ठेवला, म्हणजे चहात साखर कमी. कपाटाचं दार आपटलं, म्हणजे इस्त्रीचा शर्ट मिळत नाहीये. बायकोला सगळं बरोबर कळायचं. दिवसभर कान टवकारून राहणाऱ्या बाईला कळणारच, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मागच्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागू लागली. तपासणीत हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. डॉक्टर म्हणाले, “बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार. हे असंच चालू राहिलं तर हृदय थकेल.” पण त्यांच्याकडे मोजलं तर बीपी अगदी व्यवस्थित. म्हणून त्यांनी आठवडाभर घरी मोजायला सांगितलं. आम्ही मशीन आणलं.

तो आठवडा माझ्या अबोल्याचाच होता. कंपनीने मला मुदतीआधी घरी बसवलं होतं आणि बायकोने ते फोनवर तिच्या ताईला सांगितलं, एवढंच कारण. एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी दंडाला पट्टा बांधून बसली होती. मी खाली पेपर आणायला गेलो होतो. परत आलो, काही न बोलता तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. पहिला आकडा मी येण्याआधीच आला होता, तो तिने कागदावर लिहून ठेवला होता. दुसऱ्यांदा मोजायचं म्हणून तिने बटण दाबलं. आकडा आला, तसं तिने मशीन हलकेच स्वतःकडे वळवलं. मला दिसू नये म्हणून. पण मी पाहिला होता. पहिल्यापेक्षा बराच वर गेला होता.

स्वतःच्या काळजाची काळजी करायची सोडून ती माझा राग वाढू नये म्हणून आकडा लपवत होती. त्या रात्री मी काही बोललो नाही. सवयच नव्हती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सगळे आकडे पाहिले. “बहुतेकांचं बीपी माझ्याकडे आल्यावर वाढतं. तुमचं घरी वाढतं. घरी काय असतं एवढं?”

“घरी हे असतात,” बायको म्हणाली.

डॉक्टर हसले. तीही हसली. मला हसून वेळ मारून नेता आली असती.

“ती खरं सांगतेय,” मी म्हणालो. “आठवडाभर मी हिच्याशी बोललेलो नाही. आणि हे पहिल्यांदा नाही. मी ठरवून गप्प बसतो. हिला नमवायला.”

शेवटचे दोन शब्द मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “सतत धास्तीत असलेल्या माणसाचं हृदय बसल्या जागीही कामाला जुंपलेलं असतं. यांना गोळी लिहून देतो, ती चुकवायची नाही. मीठ कमी, रोज चालणं. तुमच्यासाठी मात्र माझ्याकडे गोळी नाही.”

रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, “डॉक्टरांना सांगितलंत. मला कधी सांगणार होतात?”

“तू ताईला सांगितलंस, त्याचा राग आला मला. लाज वाटली.”

“मग चिडायचं ना माझ्यावर. मी काय भिंत आहे का, नुसतं माझ्याकडे बघत बसायला?”

घर येईपर्यंत आम्ही भांडलो. रिक्षावाल्याने वळण चुकवलं, त्यावरूनही भांडलो.

आता मी बोलतो. राग आला की आलाय म्हणून सांगतो, तेही लगेच. सुरुवातीला शेजारच्या वहिनींनी दार वाजवून विचारलं होतं, “सगळं ठीक ना?” बायको म्हणाली, “एकदम झकास. हे बोलायला लागलेत.” तिचे आकडे खाली आले आहेत. त्याचं श्रेय मी घेत नाही, ते गोळीचं आणि तिच्या चालण्याचं. पण दारात किल्ली फिरली की ती पूर्वी माझा चेहरा बघायला बाहेर यायची, ती आता आतूनच ओरडते, “चपला बाहेर काढा.” एवढं मला पक्कं कळतं.

काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगवरून माझं तावातावाने चाललं होतं. ती दंडाला पट्टा बांधत म्हणाली, “जरा गप्प बसा हो. मोजताना बोलायचं नसतं.”

मी गप्प बसलो. पट्टा फुगला, सैल झाला. आकडा आला तसं तिने मशीन माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, “हं, बोला आता. पार्किंगचं काय म्हणत होतात?”