माझ्या मिश्रीचे ठिपके

हे मी मालकांना सांगितलं नाही, पोरींना नाही, शेजारणीला तर नाहीच. आता सत्तरी उलटली, मालकही राहिले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा, मलाही येतं. पण शेवटपर्यंत ऐका.

माझं शिक्षण चौथी. नारायणगावाजवळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेची मावशी होते. काचा धुवायच्या, टेबलं पुसायची. दोन हजार साल उलटल्यावर तिथे एक विषय सुरू झाला — पेशींचा. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना तो घ्यावाच लागे, आर्ट्सचा असो की कॉमर्सचा. घर विटांचं तसं अंग पेशींचं, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं.

त्यात एक प्रयोग होता. काडीनं आपल्या गालाची आतली बाजू खरवडायची, ते काचेवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपमधून बघून वहीत चित्र काढायचं. पोरं रंग सांडायची, पातळ काचा फोडायची. निळे डाग घासणार कोण? मीच ना. मग मी युक्ती केली. तासाआधी माझाच गाल खरवडून सगळ्या काचा तयार ठेवायला लागले. पोरं खूश. सर चहा पिऊन अर्ध्या तासानं यायचे, त्यांना वाटे ज्याचा त्यानं खरवडला. पेठची, महाळुंगे पडवळची, कुठकुठली पोरं माझा गाल आपला म्हणून काढून गेली!

आणि मी — मिश्री लावणारी बाई. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, सकाळ-दुपार हिरड्यांवर. ती काचेवर येणार नाही का? पण मला काय ठाऊक? मी त्या नळीला कधी डोळाच लावला नव्हता. पोरांना काळे ठिपके दिसले, त्यांनी काढले. सर मूळचे झाडापानांचे, माणसाच्या गालाशी त्यांचा संबंध कमी. सगळ्यांनाच दिसतात म्हणजे असणार, असं धरून तेही फळ्यावर ठिपके काढायला लागले.

दोन वर्षं असं चाललं. मग आली नसीम. वारूळवाडीची, कॉमर्सची, बाप बाजारात बांगड्या विकायचा. मी तयार काच पुढे केली तर म्हणाली, “नको मावशी. मला माझीच बघायचीय.”

“आगं, समद्यांची सारखीच आसती.”

“मग माझी बघितली तर काय बिघडलं?”

तिनं खरवडलं, नळीला डोळा लावला आणि ओरडली, “मावशी, ही मी! दुमडलेल्या भाकरीसारखी, मधे टिकली!” मला ओढून तिथे वाकवलं. काय सांगू तुम्हाला — निळीशार, स्वच्छ, मधे एकच गोल टिकली. माणूस आत एवढं देखणं असतं? मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मायक्रोस्कोपमध्ये माझी काचही बघितली. तीही तशीच देखणी. पण वर काळे कण, जणू पिठात पडलेली राख. एका क्षणात कळलं काय आहे ते. पोट धरून हसले मी. नसीमही हसली — कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं तसंच चित्र वहीत काढलं, तेवढ्यात सर आले. नसीमची वही बघितली. म्हणाले, “ठिपके कुठायत? पुस्तकातून उतरवलंस. न बघता.”

सबंध वर्गात खरं बघितलेली ती एकटी. “सर, बघितलंय मी. माझी काच बघा ना,” म्हणाली आणि टेबलाकडे वळली.

काच टेबलावर नव्हती. ती माझ्या बादलीत होती. सर “ठिपके कुठायत” म्हणाले तेव्हाच मी ती उचलून पाण्यात सोडली होती. चुकून नाही. हातानं, समजून.

“धुतली सर. मला वाटलं झालं तिचं.”

नोकरी जाईल म्हणून? नाही. सर फार तर ओरडले असते. माझ्या तोंडातली मिश्री पोरांच्या वहीत गेली हे गावभर होईल, एवढीच लाज. तेवढ्यासाठी एका खऱ्या पोरीला मी खोटं पाडलं. ती माझ्याकडे बघत होती. मी फडकं पिळत होते.

तिनं रबरानं काही खोडलं नाही. चित्र तसंच ठेवलं, फक्त पेन्सिल घेतली. टोक मोडलेलं होतं. टोक मी करून दिलं. तिनं ठिपके दिले, एकेक, सावकाश, आणि सर म्हणाले, “आता कसं बरोबर आलं.”

पुढल्या तासाच्या काचाही मी माझ्याच गालाच्या केल्या.