बळ नव्हे, बलक्के

इंदिरानगरहून होसकोटेला निघाले तेव्हा माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली नवी हार्ड डिस्क होती. ऑफिसच्या कामाला पुण्याहून या कन्नड मुलखात आलेली मी. सुट्टीच्या दिवशी या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी सांगितलं होतं, असं त्या तुंबलेल्या रस्त्यावर सारखं वाटत होतं.

होसकोटेच्या स्टँडवर ओळखीतले अण्णा न्यायला आले. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती. पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये अक्कांचा आवाजच गेला. ती पुस्तकं होती चार डिस्कच्या एका पेटीत, आणि त्यातली एक डिस्क बंद पडली होती.

“दुसरी कॉपी?” मी विचारलं.

“नाही की हो ताई. आधी स्वल्प (थोडं) चित्रान्न खाऊन घ्या.”

तो लिंबाचा फोडणीचा भात काही मला गोड लागेना. एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी मिळून सगळं सांभाळतात. पण चुकून त्यातली एखादी ओढली गेली, की अक्कांचा आवाज कायमचा गेला. म्हणून पेटी चालूच ठेवून कॉम्प्युटरवरून बिघडलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकवला आणि मगच तिच्या खणाला हात घातला. खण हलेना.

“बलक्के! बलक्के!” अण्णा ओरडले.

बळ लावा म्हणतात, असं समजून मी लावलं. अख्खी पेटी टेबलाच्या कडेला सरकली. अक्कांनी झेप घेऊन दोन्ही हातांनी पेटी धरली, माझ्याकडे डोळे वटारले आणि खणाची कडी एका बोटानं उजवीकडे सारली. खण अलगद बाहेर आला.

“बलक्के म्हणजे उजवीकडे हो!” अण्णांनी कपाळावर हात मारला.

नवी डिस्क बसवली; उरलेल्या तिघींवरून ती भरायला संध्याकाळ झाली. अक्का खुर्ची ओढून पेटीसमोरच बसून होत्या. शेवटी मी भीत भीत एक धडा लावला. खणखणीत आवाजात कन्नड वाचन सुरू झालं, एका शब्दाला अडखळलं आणि मध्येच खळखळून हसू फुटलं. इकडे अक्काही हसत होत्या. नुसते खांदे हलत होते.

“ताई, एवढं हसणं काढून टाकता येईल?” अण्णांनी विचारलं. अक्कांनी त्यांच्या हातावर चापट मारली.

सगळ्याची कॉपी काढायला लावूनच मी उठले. परतीच्या बसमध्ये जीव हलका झाला होता. त्या धड्यातलं अक्षरही मला कळलं नव्हतं. पण मुलं तो ऐकतील, तेव्हा अक्का पुन्हा अडखळतील, मनसोक्त हसतील आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचतील.